उघड्यावरच्या लाकडी बांधकामासाठी लाकूड कोणते निवडावे?

प्रश्न : चार खांब आणि वर उतरते छप्पर असा लाकडी मंडप बांधायचा आहे. कोणी म्हणतात, सागाशिवाय दुसरे लाकूड घेऊच नका. कोणी म्हणतात, औषध मुरवलेले पाइन पुरे. खर्चातला फरक मोठा असल्याने निर्णय होत नाही. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. त्यांत झाडाचे नाव आहे, परंतु त्या झाडाचा कोणता भाग मिळणार आणि तो मंडपात कुठे बसणार, याचा विचार नाही.

सालीलगतचे फिकट रसकाष्ठ जिवंत झाडात पाणी वाहून नेते आणि त्यात स्टार्च साठलेला असतो. त्यामुळे बुरशीला आणि किडीला ते आयतेच खाद्य ठरते. गाभ्यात मात्र टॅनिन, तेले यांसारखी द्रव्ये जमा झालेली असतात आणि साग, ओक अशा जातींना जो टिकाऊपणा येतो, तो त्यांच्यामुळेच. टिकाऊपणाच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन ३५० मध्ये, लाकडांचे १ (सर्वांत टिकाऊ) ते ५ (टिकाऊपणा नसलेले) असे वर्ग आहेत. जंगलातल्या सागाचा गाभा पहिल्या वर्गात येतो, लागवडीच्या सागाचा पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत कुठेही असू शकतो, आणि रसकाष्ठ, मग ते कोणत्याही जातीचे असो, वेगळा पुरावा नसल्यास पाचव्या वर्गात धरले जाते. तेव्हा वखारीत ‘हा साग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये; नगाच्या कापलेल्या तोंडाकडे पाहावे. कडेला पांढरट पट्टा असेल, तर तेवढा भाग सागाच्या भावाने घेतलेले कच्चे लाकूड आहे असे समजावे.

औषध मुरवलेल्या पाइनमध्ये हे गणित उलटे होते. पाइनचे रसकाष्ठ दाबाखाली औषध सहज शोषून घेते, गाभ्यात मात्र ते फारसे शिरत नाही. त्यामुळे संरक्षण मिळते ते बाहेरच्या थराला. असा खांब बांधकामाच्या जागी कापला किंवा त्याला खाच पाडली, की आतले उघडे लाकूड वर येते. म्हणून खाचा, छिद्रे आणि लांबी आधी पक्की करावी आणि औषध नंतर मुरवून घ्यावे. ते शक्य नसेल, तर प्रत्येक कापलेल्या तोंडाला औषधाचा हात द्यावा आणि खांबाचे मूळचे, न कापलेले टोक खाली ठेवावे.

आता जागेविषयी. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. छपराखालचे वासे पावसाच्या शिंतोड्यांनी भिजले, तरी लवकर वाळतात. तिथे लार्च किंवा डग्लस फरसारखे मध्यम टिकाऊ लाकूड बिनधास्त वापरावे. खरा धोका खांबाच्या पायथ्याला आणि छपराबाहेर डोकावणाऱ्या तुळईच्या टोकांना असतो, कारण कापलेल्या तोंडातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने आत शिरते. खांब थेट काँक्रीटमध्ये रोवणे ही तर सर्वांत वाईट पद्धत आहे: लाकूड आकसून फट पडते, तिच्यात पाणी साचते आणि ते वाळायला वाव उरत नाही. खांबाखाली धातूची बैठक देऊन तो जमिनीपासून उचलावा. वाळवी वर चढू लागली, तर तिची मातीची नळीही त्या मोकळ्या जागेत चटकन दिसते. माझे मत विचाराल, तर महागडे लाकूड फक्त खांबांसाठी घ्यावे आणि उरलेला पैसा छपराच्या पागोळ्या खांबांपासून दूर पडतील इतके छप्पर पुढे काढण्यावर खर्च करावा.

प्रश्न : वखारीत जाड तुळया ओल्याच मिळतात. त्या घ्याव्यात, की पूर्ण सिझन झालेल्याच शोधाव्यात?

उत्तर : उघड्या हवेत लाकूड वाळायला दर २५ मिलिमीटर जाडीस सुमारे एक वर्ष, असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे १५० मिलिमीटर जाडीच्या तुळईसाठी कित्येक वर्षे थांबावे लागेल. म्हणूनच ओकचे सांगाडे ओल्या लाकडात रचण्याची आणि ते जागेवरच वाळू देण्याची पद्धत जुनी आहे. ओले लाकूड छिन्नीला नरमही असते. फक्त ते वाळताना काय करते, हे आधी जाणून घ्यावे. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने मात्र त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते. त्यामुळे झाडाचा मध्यबिंदू ज्या तुळईच्या पोटात आहे, तिला भेग पडणारच. ती बहुधा मध्यबिंदूला जवळच्या पृष्ठभागावर उघडते. तो पृष्ठभाग खाली येईल अशी तुळई बसवावी, म्हणजे भेगेत पाणी साचणार नाही. तंतूंना समांतर भेगेने ताकद सहसा घटत नाही, पण भेग तिरकी जात असेल, तर तंतूच तिरके आहेत. असा नग तुळईसाठी नाकारावा. तसेच मधल्या भागात, खालच्या कडेला मोठी गाठ असलेलाही. सांध्यात कुसू (खाचेत बसणारी जीभ) आणि खाच ओल्या लाकडाची असली, तरी आरपार ठोकायची खुंटी मात्र चांगली वाळलेलीच असावी. नाहीतर तीही आकसून ढिली पडेल.

प्रश्न : ओकच्या खांबावर खिळ्यांभोवती काळे डाग पडले आहेत आणि लाकूड करडे झाले आहे. तेल लावल्यास कुजणे थांबेल का?

उत्तर : डाग टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाचे आहेत, स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरावेत. तांबेयुक्त औषध मुरवलेल्या लाकडात साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून तिथेही असेच खिळे वापरावेत. करडेपणा ऊन-पावसाने केवळ वरच्या पापुद्र्यात आलेला असतो; ती कूज नव्हे. तेलाने रंग सुधारेल आणि बारीक भेगा कमी पडतील, पण आत शिरलेल्या पाण्यावर त्याचा इलाज नाही. कूज तपासायची, तर पायथ्याजवळ पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते सहज रुतले, तर तेवढा भाग कापून तिथे टिकाऊ गाभ्याचा तुकडा जोडून घ्यावा.