भावासाठी धाकटीचा बोन मॅरो, आणि पुण्यात अडकलेली बाबांची सही

प्रश्न: मुलगा अकरा वर्षांचा, ब्लड कॅन्सर उलटलाय, डॉक्टर बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतायत आणि सात वर्षांच्या धाकटीचा एचएलए (डोनर जुळतो का ते बघायची टेस्ट) पूर्ण मॅच आलाय. नवरा दोन वर्षांपासून पुण्याला, डिव्होर्सची केस त्यांनी तिथेच टाकलीये. दोन्ही मुलं माझ्याकडे, इंदूरला सुदामानगरात. हॉस्पिटलला दोघांची सही हवी, ते म्हणतात मुलीला हात लावू देणार नाही, आणि परवा मेसेज केला की मेंटेनन्सची केस मागे घे, मग बघू. माझी आई म्हणते त्यांची सही तूच ठोक. काय करू?

ताई, आधी आईंच्या सल्ल्याचं बोलतो. सही अजिबात ठोकू नका. नातवासाठी आजीचा जीव तुटतोय हे समजतं, पण ती फोर्जरी आहे आणि उद्या कस्टडीच्या पेशीला समोरचा वकील तोच कागद जजसाहेबांपुढे फडकवेल, मग तुम्ही कितीही खऱ्या असलात तरी बोलायला तोंड राहणार नाही.

दुसरं, मेंटेनन्सची केस मागे घ्यायची नाही. तो मेसेज म्हणजे त्यांनी आपल्या हातानेच तुम्हाला दिलेला पुरावा आहे, ज्या माणसाला मुलीच्या त्रासाची काळजी आहे तो सहीचा भाव सांगत नाही. तो फोन विकू नका, चॅट डिलीट करू नका, नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट सोबत लागतं, ते वकील करून देतील. आणि त्यांना उत्तर देताना चार शिव्या हासडाव्याशा वाटतील, त्या गिळा. एवढंच लिहा की मुलीची दानाची तारीख अमुक आहे, तुमचा आक्षेप वैद्यकीय असेल तर लेखी कळवा.

आता कायदा. १९५६ च्या हिंदू अल्पवयीनत्व आणि पालकत्व कायद्यात आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलंय, हॉस्पिटलवाले त्यालाच घाबरतात. पण गीता हरिहरन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९९ साली सांगून टाकलं की 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही, वडील मुलांचं बघत नसतील, दूर असतील, तर आईही नैसर्गिक पालकच. म्हणजे रोजच्या उपचाराला तुमची एकटीची सही पुरायला हवी. पण इथे ते गप्प नाहीत, उघड विरोध करतायत, आणि अशा वेळी कुठलंही हॉस्पिटल रिस्क घेत नाही. त्यामुळे कोर्टाची ऑर्डरच घ्या.

आणि इथेच बहुतेक आया चुकतात. अर्जात पानंच्या पानं मुलाचा आजार, केमो, त्याचे गळलेले केस. ताई, कोर्टापुढे प्रश्न मुलाचा नाहीये, मुलीचा आहे. पालकत्वाच्या कायद्यात ज्या मुलाबद्दल ऑर्डर मागताय त्याचंच हित सगळ्यात वर. म्हणून अर्ज धाकटीच्या बाजूने लिहायचा, हिचा दादा वाचला तर हिचं काय वाचतं. अमेरिकेत इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये अशाच एका केसमध्ये नाही म्हटलं होतं, जुळ्या सावत्र भावंडांची नुसती टेस्ट करायलाही परवानगी दिली नाही, कारण त्यांची आई विरोधात होती आणि त्या पोरांची आजारी मुलाशी धड ओळखही नव्हती. आपल्याकडे ते बंधनकारक नाही, पण विचार तोच चालतो. तुमच्याकडे उलट आहे, दोघं एका खोलीत झोपतात, एका ताटात जेवतात, तर तेच लिहा, शाळेच्या बाईंचं चार ओळींचं पत्र जोडा.

डॉक्टरांच्या पत्रात तीन गोष्टी हव्यातच. मुलीला नेमकं काय होणार (भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतात, काही दिवस ठणका, शरीर काही आठवड्यांत तो भरून काढतं), धोका काय, आणि दुसरा मोठा डोनर का नको. हा शेवटचा मुद्दा समोरून येणारच, कारण आई-बाप दोघंही अर्धे मॅच असतातच आणि अर्ध्या मॅचवरही ट्रान्सप्लांट होतं, तर बहिणीचं का बरं, ते डॉक्टरांनीच लिहावं. (बाबांनी स्वतःचा मॅरो द्यायची तयारी दाखवली का, हे तुमच्या वकिलाने जरूर विचारावं.) मुलीची तपासणी मुलाच्या टीमबाहेरच्या डॉक्टरने केली तर फार बरं.

अवयव आणि ऊतक प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत अल्पवयीनाने जिवंतपणी दान करणं बंद आहे, अपवाद फक्त अपवादात्मक वैद्यकीय कारणाचा, तेही कारण सविस्तर नोंदवून आणि सक्षम प्राधिकरण व राज्य सरकारची आधी परवानगी घेऊन. तुमच्या हॉस्पिटलला यातलं काय काय हवंय ते आजच लेखी मागा, ऑर्डर आल्यावर नवा कागद निघाला तर डोकं फिरतं.

केस पुण्यालाच टाकायला हवी असं नाही. गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टच्या कलम ९ प्रमाणे मूल नेहमी जिथे राहतं तिथलं कोर्ट, म्हणजे इंदूरचं फॅमिली कोर्ट. सोबत कलम १२ खाली अंतरिम अर्ज लावा आणि ट्रान्सप्लांटची तारीख पहिल्याच पानावर टाका. तारीख अगदीच डोक्यावर असेल तर हायकोर्टाच्या इंदूर बेंचपुढे रिट, म्हणजे थेट हायकोर्टातच अर्ज. फी परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, बाईला आणि मुलांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. मुलांचा इन्शुरन्स नवऱ्याच्या कंपनीचा असेल तर तो बंद करू नये अशी विनंतीही त्याच अर्जात घाला.

जजसाहेब धाकटीशी चेंबरमध्ये एकट्याने बोलतील, वकिलांनाही बाहेर काढतात. म्हणून घरात कुणी तिला 'दादाचा जीव तुझ्या हातात' वगैरे म्हणू नका. मी पाहिलंय, पढवलेलं वाक्य पोरं एका दमात म्हणून टाकतात आणि मग टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत बसतात, जजला लगेच कळतं. तिला विचारू द्या, दुखेल का, माझं रक्त संपेल का, आणि खरंच सांगा, थोडं दुखेल, संपणार नाही. नको म्हणाली तर तेही तुमच्या वकिलापासून लपवू नका, अर्ज टाकायच्या आधी कळलेलं बरं.