वजन सारखे, आजार सारखा. मग टॅक्रोलिमसचा डोस दुप्पट का?

प्रश्न : माझ्या यजमानांवर आठ महिन्यांपूर्वी किडनी प्रत्यारोपण झाले, किडनी सासूबाईंनी दिली. शरीराने ती नाकारू नये म्हणून त्यांना दिवसाला ६ मिलिग्रॅम टॅक्रोलिमस हे औषध घ्यावे लागते, तर ओपीडीत ओळख झालेल्या, साधारण त्याच वजनाच्या गृहस्थांना ३ मिलिग्रॅम पुरते. अमेरिकेतला भाचा म्हणतो की, हा डोस वंशावर अवलंबून असतो. मग भारतीयांसाठी ठरलेला डोस नाही का? की यांचे शरीर किडनी नाकारत असल्यामुळे डोस वाढवला आहे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : शेवटची शंका आधी घेतो. डोस मोठा आहे, एवढ्यावरून शरीर किडनी नाकारत आहे असे मुळीच म्हणता येत नाही. टॅक्रोलिमसचे विघटन आतड्यात आणि यकृतात होते. ते करणाऱ्या एन्झाइमांपैकी सीवायपी३ए५ हे काहींच्या शरीरात पुरेसे तयार होते, तर काहींच्या शरीरात जनुकातील एका लहानशा बदलामुळे जवळजवळ तयारच होत नाही. ज्यांच्यात ते तयार होते, त्यांना रक्तातील पातळी राखण्यासाठी इतरांच्या साधारण दीडपट ते दुप्पट डोस लागतो. आईवडिलांपैकी एकाकडून जरी कार्यक्षम जनुक आले, तरी हा परिणाम दिसतो. त्यामुळे सख्ख्या भावांचे डोसही वेगळे असू शकतात.

आपल्या भाच्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. युरोपीय वंशाच्या बहुसंख्य लोकांत हे एन्झाइम नसते, आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांत असते. भारतात मात्र दोन्ही प्रकारचे लोक मोठ्या संख्येने आढळतात, ओपीडीच्या एकाच बाकावरसुद्धा. त्यामुळे ‘भारतीय डोस’ असा काही ठरवता येत नाही, आणि माझ्या मते ठरवूही नये. सासूबाईंच्या किडनीचाही यात फारसा हात नाही, कारण औषध मोडणारे यकृत यजमानांचे स्वतःचेच आहे. यकृताचे प्रत्यारोपण असते, तर दात्याच्या जनुकांचा विचार करावा लागला असता.

जनुकीय चाचणी करता येते, पण तिचा खरा उपयोग पहिला डोस ठरवताना होतो. आठ महिन्यांनंतर रक्तातील औषधाची पातळी, म्हणजे ‘लेव्हल’, अधिक नेमके सांगते. मात्र नमुना सकाळच्या डोसच्या आधी दिला पाहिजे. पुष्कळ जण सवयीने घरीच कॅप्सूल घेऊन लॅबमध्ये जातात, मग रिपोर्टमध्ये आकडा फुगलेला येतो आणि त्यावर विसंबून डोस विनाकारण कमी होण्याची भीती असते. त्या दिवशी कॅप्सूल सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर घ्यावी.

प्रत्यारोपणानंतर काहींना दिल्या जाणाऱ्या अॅझाथायोप्रिन या दुसऱ्या औषधाची गोष्ट निराळी आहे. तेथे एनयूडीटी१५ या जनुकातील बदल युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आढळतो आणि तो असणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसनेही धोकादायकरीत्या घटू शकतात.

जनुके बदलत नाहीत, पण लेव्हल बदलते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ती झपाट्याने खाली येते. क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), फ्लुकोनॅझोल (बुरशीवरील औषध) यांनी वाढते, जुलाबांतही वाढू शकते. पपनसानेही ती वाढू शकते, म्हणून ते टाळावे, मग ते प्रसादाच्या ताटातले का असेना. दुसऱ्या डॉक्टरांनी कोणतेही नवे औषध लिहून दिले, किंवा दुकानदाराने टॅक्रोलिमसची कंपनी बदलून दिली, तर पहिली गोळी घेण्यापूर्वी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करावा.