हँगरची उंची कुठून मोजायची, हे आधी लेखी घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि आमचेच जुने दिवस आठवले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुम्हाला हँगरसाठी, म्हणजे विमान ठेवायच्या शेडसाठी, धावपट्टीलगत जागा मिळाली आहे, वर पंख असलेलं चार आसनी विमान आहे, १३ मीटर रुंद शेडचं कोटेशन हातात आलंय, फॅब्रिकेटर बायफोल्ड (दुमडून वर जाणारं) दार सुचवतोय, आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी तोंडी सांगितलंय की "उंची बसते, काम सुरू करा, कागद मागाहून मिळेल." तुमचे प्रश्न दोन: पाया आत्ताच भरू का, आणि फरशीला कोणता रंग देऊ. रंगाचं शेवटी सांगतो. पाया मात्र भरू नका.

आधीच सांगतो, मी अभियंता नाही. एका मित्राबरोबर भागीदारीत विमान घेतलं आणि हँगर उभारला, एवढाच माझा अधिकार. नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे खालचे आकडे तुमच्या सर्व्हेअरकडून आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. जागेचा करार, विमा, वीजजोडणी यांवर लिहीत नाही, ते तुम्ही पाहिलेलंच दिसतंय.

आमच्या बाबतीत असं झालं. उंचीच्या परवानगीचं पत्र आलं, त्यात "कमाल उंची ५.५ मीटर" एवढंच लिहिलेलं. ही उंची कुठून मोजायची, याचा उल्लेख नाही. आम्ही त्याच कार्यालयात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, "ते तुमच्या इंजिनिअरला कळतं." इंजिनिअर म्हणाला, लेखी खुलासा मागा. आम्ही अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, उत्तर कधीच आलं नाही. पुन्हा गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की पत्र दिलंय ना, मग आता काय अडलंय. मग इतर कुठल्याही इमारतीची मोजतात तशी जमिनीपासून उंची धरून नकाशे झाले. आढं ५.४ मीटरवर. पाया भरला, कॉलम उभे राहिले, आणि त्यानंतर पाहणीला आलेल्या त्याच कार्यालयाच्या माणसाने सांगितलं की उंची धावपट्टीच्या पातळीपासून धरायची. आमची जमीन धावपट्टीपेक्षा ९० सेंमी उंच. म्हणजे आमचं आढं त्यांच्या हिशेबाने ६.३ मीटरवर, मर्यादेच्या ८० सेंमी वर.

नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. नियम बरोबरच आहे आणि त्यामागचं कारणही साधं आहे. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना एक मोकळा पट्टा राखलेला असतो. त्या पट्ट्याच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला एक काल्पनिक उतार वर चढत जातो आणि कुठलंही बांधकाम त्या उताराला छेदून वर जाता कामा नये. उतरताना किंवा उड्डाणाच्या वेळी विमान बाजूला भरकटलं, तर त्याला ही जागा हवी असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ प्रमाणे, उपकरणांच्या मदतीशिवाय वापरल्या जाणाऱ्या अगदी छोट्या धावपट्टीला हा पट्टा मध्यरेषेपासून दोन्हीकडे ३० मीटर असतो आणि त्यापुढचा चढ २० टक्के, म्हणजे ५ मीटर मागे गेलात की १ मीटर उंची जास्त मिळते. मोठ्या किंवा उपकरणांनी अचूक उतरायची सोय असलेल्या धावपट्टीला पट्टा जास्त रुंद आणि चढ त्याहून कमी, म्हणजे १४.३ टक्के. आणि त्या उताराची खालची कड धावपट्टीच्या मध्यरेषेवरच्या सर्वांत जवळच्या बिंदूच्या पातळीवर धरतात. तुमच्या जमिनीची पातळी या हिशेबात येतच नाही.

हा हिशेब पुन्हा एकदा बघा. २० टक्के चढ म्हणजे ८० सेंमीसाठी ४ मीटर. शेड ४ मीटर मागे घेतली असती तर सगळं बसलं असतं, आणि मागे तेवढी जागा होती. त्या कार्यालयाने एका ओळीत "उंची धावपट्टीच्या अमुक पातळीपासून" असं लिहून दिलं असतं, तर नकाशावर एक रेघ सरकवून काम भागलं असतं. इतकी वर्षं झाली तरी या एका गोष्टीचा राग जात नाही. प्रश्न विचारला होता, योग्य ठिकाणी विचारला होता, लेखी विचारला होता. उत्तर देणं हेच ज्यांचं काम, त्यांनी ते दिलं नाही आणि नंतर बोट मात्र आमच्याकडे दाखवलं.

पुढचं नुकसान दाराचं. हे नीट वाचा, कारण तुम्हीही बायफोल्डचाच विचार करताय. आमचं विमान सेसना १७२. पंखांचा विस्तार ११ मीटर, लांबी ८.२८ मीटर, शेपटीचं टोक २.७२ मीटरवर. मूळ नकाशात दारावरच्या बीमची खालची कड ३.६ मीटरवर होती. बायफोल्ड दार मधोमध दुमडून वर जातं आणि दुमडलेला गठ्ठा बीमच्या खाली लोंबतो. आमच्या दाराचे त्यात ४५ सेंमी जाणार होते, म्हणजे ३.१५ मीटरची मोकळी उंची. आढं ८० सेंमी खाली आणायचं ठरल्यावर छताचा उतार कमी करून निम्मं तिथे भागवलं, तरी बीम ३.२ मीटरवर आला. त्यातून ४५ वजा केले की २.७५. कागदावर विमान ३ सेंमीने आत जातं. प्रत्यक्षात जात नाही. नोज स्ट्रटमधला (पुढच्या चाकाचा धक्के शोषणारा दांडा) दाब उतरला किंवा पुढच्या चाकाची हवा कमी झाली की नाक खाली बसतं आणि शेपूट वर उचलते. मागची दोन चाकं इथे टेकूसारखी, आणि शेपटीची बाजू नाकाच्या बाजूपेक्षा बरीच लांब. नाक १० सेंमी खाली गेलं तर शेपूट साधारण ३० सेंमी वर जाते. म्हणून शेपटीच्या वर निदान अर्धा मीटर मोकळा नसेल तर मी दार मंजूर करणार नाही. हे माझं मत आहे, कुठल्या पुस्तकातला नियम नाही.

बायफोल्ड रद्द झालं, त्याची दिलेली आगाऊ रक्कम गेली, मोटरसाठी ओढलेली तीन फेजची केबल वाया गेली, आणि शेवटी सरकती दारं बसवली. सरकत्या दाराला वरची उंची लागत नाही, पण पल्ले ठेवायला बाजूला जागा लागते. ते एकावर एक उघडणीच्या आतच थांबले तर तितकी रुंदी गेली. १३ मीटरच्या शेडमध्ये ११ मीटरचा पंख, उरले २ मीटर, त्यात पल्ले मावत नाहीत. मग एका बाजूने भिंतीच्या बाहेर रूळ वाढवून त्याला वेगळे खांब आणि वेगळा पाया द्यावा लागला.

तेव्हा तुम्ही तोंडी होकारावर एक घमेलंही काँक्रीट टाकू नका. पत्रात चार गोष्टी शब्दांत हव्यात: उंची कोणत्या पातळीपासून, कुठपर्यंत (आढं, की त्यावरचा अँटेना, तडितरोधक आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी लावायचा खांबही त्यात धरलाय), शेडच्या कोणत्या कोपऱ्याला ती लागू, आणि उभारणीच्या वेळी येणाऱ्या क्रेनचं काय. क्रेनचा बूम छतापेक्षा नेहमीच उंच जातो आणि त्याची तात्पुरती परवानगी वेगळी घ्यावी लागू शकते. कार्यालय लिहून देत नसेल तर सर्व्हेअरकडून धावपट्टीच्या जवळच्या बिंदूची आणि तुमच्या जागेच्या चारही कोपऱ्यांची पातळी काढून घ्या, ती नकाशावरच छापा आणि "उंची या पातळीपासून धरली आहे" असं नकाशात लिहून तोच नकाशा मंजुरीला द्या. मग त्यांची सही त्या वाक्यावर पडते. ही युक्ती आम्हाला फार उशिरा कळली.

दार आधी ठरवा आणि शेड त्याभोवती काढा. फॅब्रिकेटर उलट करतात, कारण त्यांचा धंदा शेडचा आहे. एका पल्ल्याचं हायड्रॉलिक दार घेतलंत तर उंची पूर्ण मिळते, पण उघडल्यावर ते छपरासारखं बाहेर येतं आणि त्याचं सगळं वजन व त्यावरचा वारा बाजूच्या कॉलमवर आणि त्यांच्या पायावर येतो. साध्या गोदामाचे कॉलम त्यासाठी काढलेले नसतात. दार बनवणारा म्हणतो इमारत पेलेल असं आम्ही धरतो, शेडवाला म्हणतो दार माझ्या कामात नाही. दोघांना एका टेबलाशी बसवा आणि दाराचे भार शेडच्या डिझाइनमध्ये लिहून घ्या. शिवाय दार उघडं असताना वारा आत शिरून छताला खालून उचलतो, तो हिशेब वेगळा करायला लावा. हँगर जमिनीत दाबला जाण्यापेक्षा उपटला जाण्याची भीती जास्त असते. आणि विजेवर चालणारं कुठलंही दार घ्या, वीज गेल्यावर हाताने कसं उघडतं ते पैसे देण्याआधी स्वतः उघडून बघा.

आता फरशी. हलक्या विमानाला १२५ ते १५० मिमी जाडीची, जाळी टाकलेली काँक्रीटची लादी पुरते. लादीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरलाच पाहिजे, नाहीतर जमिनीतला ओलावा वर्षभर वर येत राहतो आणि वरचा रंग फुगून सुटतो. दाराकडे १ टक्का उतार द्या आणि उंबऱ्याबाहेर आडवी नाली. टाय-डाऊनचे, म्हणजे विमान बांधून ठेवायचे, हूक ओल्या काँक्रीटमध्येच बसवून घ्या. रंग इपॉक्सीचा, आणि फिका राखाडी किंवा पांढराच. आवडीनिवडीचा प्रश्न बाजूला ठेवा. छतावरचे दिवे पंखाच्या वर राहतात आणि विमानाच्या पोटाखाली अंधार होतो, फिकी फरशी तिथे उजेड परतवते. तेलाचा एक थेंब जरी गळला तरी दिसतो, आणि तो दिसणं फार मोलाचं असतं. काँक्रीटला निदान २८ दिवस द्या, मग प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवून एक दिवस ठेवा. खाली दव दिसलं तर रंगाऱ्याला परत पाठवा. दिव्यांची एक रांग बाजूच्या भिंतींवरही घ्या.

छताच्या पत्र्याखाली इन्सुलेशन नसेल तर बाकी सगळं फुकट आहे. रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा थंड होतो, आतल्या दमट हवेचं त्यावर पाणी होतं आणि ते विमानावर ठिबकतं. बंद शेडमध्ये ठेवलेलं विमान गंजलेलं मी पाहिलंय. इन्सुलेशनचा बाष्परोधक थर आतल्या बाजूला हवा, आणि आढ्याला हवा खेळती राहील अशी फट. त्या फटीला बारीक जाळी लावा, पक्षी इंजिनच्या कवचात घरटं करायला फार वेळ घेत नाहीत. दाराखालचा रबर उंदरांसाठी. त्यांचं मूत्र ॲल्युमिनियम खातं, वायर कुरतडतात ते वेगळंच.

वीज आणि आग याबाबत कंजुषी नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. अमेरिकेच्या विद्युत नियमावलीत हँगरसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात जमिनीपासून सुमारे ४५ सेंमीपर्यंतचा आणि इंजिन व इंधनटाकीपासून दीड मीटरपर्यंतचा भाग धोक्याचा धरलेला आहे. तुमच्याकडचा नियम सैल असला तरी हाच पाळा. प्लग कमरेच्या उंचीवर, कॉम्प्रेसर बाहेर किंवा वेगळ्या खोलीत, इंधन भरणं आणि काढणं कायम बाहेर, विमानाला अर्थिंग जोडूनच. अग्निशामक घेताना दुकानदार हमखास एबीसी पावडरचा देतो. ती पावडर ओलावा मिळाला की ॲल्युमिनियम खाते, आणि सांध्यासांध्यांत शिरलेली निघत नाही. भिंतीवर तो एक असू द्या, पण विमानाजवळ कार्बन डायऑक्साइडचा किंवा अवशेष न ठेवणाऱ्या वायूचा ठेवा.

विषयाला सोडून एक सांगतो, कारण नवा हँगर झाला की सगळे हेच करतात: येऊन दहा मिनिटं इंजिन चालवायचं आणि दार लावून जायचं. असं करू नका. तेवढ्या वेळात तेल तापत नाही, ज्वलनातून झालेलं पाणी आतच राहतं आणि कॅम (इंजिनच्या झडपा उघडणारा भाग) गंजतो. तुमच्या विमानाला लायकमिंग इंजिन असेल, तर कंपनीचं म्हणणं आहे की ३० दिवसांतून निदान एकदा सलग तासभर उडवा, तेलाचं तापमान १६५ ते २०० फॅरनहाइटच्या दरम्यान ठेवून. ते जमणार नसेल तर इंजिन अधूनमधून चालू न करता, तेल बदलून आणि ओलावा शोषणारे प्लग लावून ते नीट साठवा.

सर्व्हेअरच्या पातळ्या हातात आल्या की इथे टाका. धावपट्टी कोणत्या वर्गात मोडते आणि मध्यरेषेपासून तुमची पुढची भिंत किती मीटरवर येते, तेही लिहा. शेड किती मागे न्यावी लागेल याचा हिशेब मी करून बघतो, मग तुमच्या इंजिनिअरकडून तो तपासून घ्या.