पॅरामोटर उडवताना पेट्रोल मिनिटांत मोजा

पॅरामोटर म्हणजे पाठीवर इंजिन आणि पंखा बांधून उडवायचं पॅराग्लायडर. तुमचा मुख्य प्रश्न असा: टाकी पाठीमागे कमरेखाली असते, उडताना दिसत नाही, मग पेट्रोल किती उरलंय ते कसं ओळखायचं आणि त्यासाठी सेन्सर घ्यावा का. पण त्याच्या ओघात तुम्ही आणखी एक गोष्ट सहज लिहून गेलात. गेल्या रविवारी इंजिन हवेत बंद पडलं, शेतात उतरून बघितलं तर टाकीत लिटरभर पेट्रोल होतं. मला तेच जास्त काळजीचं वाटलं. आधी त्याबद्दल लिहितो, कारण त्याचं कारण सापडेपर्यंत तुम्ही पुन्हा उडू नये असं मला मनापासून वाटतं.

टाकीत पेट्रोल असून इंजिन उपाशी राहिलं तर मी सर्वांत आधी टाकीच्या आतला पाइप काढून बघतो. हा पाइप कायम पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. काही महिन्यांत तो कडक होतो आणि बहुतेक वेळा जोडणीपाशी बारीक चिरतो. टाकी भरलेली असते तोवर ती चीरही पेट्रोलखाली असते, म्हणून काहीच कळत नाही. पातळी चिरेच्या खाली गेली की पाइप हवा ओढायला लागतो. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि साधे रबरी पाइप त्याने लवकर खराब होतात. पावसाळा संपून हंगाम सुरू होताना मी आतले-बाहेरचे सगळे पाइप बदलतो, चांगले दिसत असले तरी. पाइप काढून बोटांत वाकवून बघा, चीर असेल तर तिथेच उघडेल.

पाइप शाबूत निघाला तर टाकीचं हवेचं छिद्र बघा. ते धुळीने बुजलं तर पेट्रोल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि डायफ्राम कार्ब्युरेटरला (पातळ पडद्याच्या हालचालीने पेट्रोल ओढून हवेत मिसळणारा भाग) पेट्रोल ओढता येईनासं होतं. उतरल्याबरोबर झाकण सैल करताना ‘फुस्स’ असा आवाज येत असेल तर दोष तिथेच आहे.

दोन्ही ठीक असतील तर मात्र ते लिटरभर पेट्रोल तुमचं नव्हतंच असं धरा. हवेत मशीन जमिनीवरच्यासारखं सरळ नसतं, थोडं मागे झुकतं. पेट्रोल मागच्या कोपऱ्यात जातं आणि पाइपचं टोक पुढे कोरडं राहतं. प्रत्येक टाकीत असं न वापरता येणारं पेट्रोल असतं आणि ते घरी मोजता येतं. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, मशीन हवेत असतं तेवढं झुकवून टांगा. कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बरणीत सोडा आणि प्रायमरचा, म्हणजे हाताने पेट्रोल ओढायचा, फुगा दाबत राहा. पहिले बुडबुडे आले की थांबा. आता टाकीत जे उरलं ते मापाने मोजून घ्या. माझ्या १२ लिटरच्या टाकीत ते ७०० मिली निघालं. तेव्हापासून माझ्या हिशेबात ते पेट्रोल नाहीच.

हे झाल्यावर लगेच टाकीवर खुणा करून घ्या. मशीन तसंच टांगलेलं ठेवा, शक्य असेल तर हार्नेसमध्ये (बसायच्या पट्ट्यांत) स्वतः बसा आणि मित्राला एकेक लिटर मोजून ओतायला सांगा. दर लिटरला मार्करने रेघ. टाकीचा आकार खाली निमुळता असतो, त्यामुळे रेघा सारख्या अंतरावर येत नाहीत. खालच्या रेघा दूरदूर पडतात, म्हणून उडताना टाकी बघायच्या आरशात (त्याबद्दल पुढे लिहितो) शेवटचे दोन लिटर आहेत त्यापेक्षा जास्त वाटतात. जमिनीवर उभं मशीन ठेवून केलेल्या खुणांवर विसंबू नका.

आता आरसा. गाडीच्या बाजूच्या आरशावर चिकटवतात तो छोटा बहिर्गोल आरसा मी डाव्या हातमोज्याच्या मनगटावर लावला आहे, कारण माझा थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचा खटका) उजव्या हातात असतो. काचेचा घेऊ नका, अ‍ॅक्रिलिकचा घ्या आणि चिकटवला असला तरी दोरीने बांधा. पाठीमागे फिरणारा प्रॉप (पंखा) आहे, सुटलेली कुठलीही वस्तू तिथेच जाते. बघायचं ते शांत हवेत, किमान १५० मीटर उंचीवर, दोन-तीन सेकंदांपुरतं. सूर्य टाकीच्या पलीकडे असेल अशा दिशेला वळलं की पातळीची रेघ स्पष्ट उमटते. ५० ला १ या प्रमाणात, म्हणजे १० लिटरला २०० मिली, जे टू-स्ट्रोक ऑइल घालता ते निळं किंवा लाल रंगाचं असेल तर आणखी सोपं. ऊन खाऊन टाकी पिवळी पडली की दिसणं कमी होतं, तेव्हा टाकी बदला, त्यात काटकसर नको.

पण आरसा लिटर दाखवतो. घरी पोचायला लागतात मिनिटं. हा फरक मला एका फेब्रुवारीच्या संध्याकाळी कळला. तिकोना किल्ल्याच्या पायथ्याजवळच्या माळावरून निघालो आणि पवना नदीच्या कडेकडेने पूर्वेला गेलो. हवा गुळगुळीत होती, खाली ज्वारी, मी फार आनंदात होतो. आरशात टाकी अर्धी दिसली तेव्हा शिस्तीत वळलो. वळल्यावर जीपीएसवर आकडा आला ताशी १८ किलोमीटर. पश्चिमेचा वारा इतका वेळ मला पाठीवरून ढकलत होता आणि मी तो माझा वेग समजत होतो. तिकोना समोर दिसत होता आणि जवळ येत नव्हता. खाली उच्चदाबाच्या तारा, पुढे उजेड उतरत चाललेला. टाकीत दीड लिटर असताना, इंजिन चालू असतानाच, मी भात काढलेल्या एका खाचरात उतरलो. तिथल्या आजींनी पाणी दिलं आणि ‘एवढ्या उशिरा कशाला आलास रे वर?’ असं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

असा हिशेब सोप्या आकड्यांत, कागदावर असा दिसतो. हवेतला वेग ४५, वारा १५, खप तासाला ४ लिटर, टाकीत वापरण्याजोगे ८ लिटर. वाऱ्याबरोबर तासाभरात तुम्ही ६० किलोमीटर जाता आणि टाकी अर्धी होते. परतताना जमिनीवरचा वेग फक्त ३०. उरलेल्या ४ लिटरमध्ये ३० किलोमीटर होतात आणि घर आणखी ३० किलोमीटर लांब राहतं. म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध जा, घराकडे येताना वारा पाठीशी ठेवा. ते जमणार नसेल तर किती अंतर झालं ते बघू नका. दर दहा मिनिटांनी एक पूर्ण चक्कर मारून परतीच्या दिशेचा वेग बघा आणि त्या वेगाने घरी किती मिनिटं लागतील ते मनात मांडा.

मिनिटं मांडायची तर स्वतःचा खप माहीत हवा, आणि तो कंपनीच्या कागदावरून घेऊ नये. मी वही ठेवतो. उड्डाणाआधी आणि नंतर मशीन काट्यावर टांगून वजन करतो. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. टेकऑफला घड्याळ चालू. वीसेक उड्डाणांनंतर आकडा बसला: माझं १८५ सीसीचं इंजिन, माझं वजन ८५ किलो, सरळ उड्डाणात तासाला ३.८ लिटर. माझ्याबरोबर उडणारी ताई वजनाने हलकी आहे, ८० सीसीवर तिचं अडीचमध्ये भागतं. पूर्ण थ्रॉटलवर चढताना माझा खप दुपटीच्या वर जातो, ट्रिमर (पंखाचा वेग ठरवणारे पट्टे) सोडून वेगात गेलं तरी वाढतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात साधारण सहा-सात टक्क्यांचा फटका. तुमच्या वहीतले आकडे जुन्या पेट्रोलचे असतील तर पुन्हा काढा. एफएआयच्या (हवाई खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना) पॅरामोटर स्पर्धांत इकॉनॉमी टास्क असतो: सगळ्यांना सारखंच इंधन आणि जास्तीत जास्त वेळ हवेत राहायचं. तिथे खरी परीक्षा हाताची, थर्मल (वर चढणारी गरम हवा) ओळखण्याची आणि थ्रॉटल न दाबण्याची असते. खप हा इंजिनाइतकाच उडवणाऱ्याचाही आकडा आहे.

माझं उदाहरण: १० लिटर भरले, ७०० मिली वजा, उरले ९.३. ते ३.८ ने १४७ मिनिटं चालतात. ३० मिनिटं राखीव. म्हणजे ११७ व्या मिनिटाला माझे पाय जमिनीवर असलेच पाहिजेत, आरशात काहीही दिसो. आरसा आणि घड्याळ यांचं जुळलं नाही तर दोघांत जो कमी सांगतो तो खरा. आरशात अचानक फारच कमी दिसलं तर गळती समजून ताबडतोब उतरायची तयारी करा.

सेन्सरला माझा विरोध नाही, पण पहिल्या वर्षी घेऊ नका. पेट्रोल टाकीत हिंदकळतं, मशीन झुकतं, आकडा नाचतो. शिवाय कपॅसिटिव्ह प्रकारचे (इंधनाच्या विद्युत गुणधर्मावरून पातळी ओळखणारे) सेन्सर इथेनॉलचं प्रमाण बदललं की चुकीचं सांगतात, कारण इथेनॉलचे विद्युत गुणधर्म पेट्रोलपेक्षा अगदी वेगळे आहेत. वही तयार झाल्यावर सेन्सर लावलात तर तो कधी खोटं बोलतो ते तुम्हाला कळेल.

इंजिनाने गचका खाल्ला तर थ्रॉटल पंप करत बसू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोलऐवजी हवा गेली की वंगणही थांबतं, आणि पूर्ण थ्रॉटलवर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. थ्रॉटल सोडा, आधी उतरायची जागा धरा. इंजिन बंद असताना वारा नसेल तर १५० मीटरवरून पाऊण-एक किलोमीटर मिळतं, समोर २० चा वारा असेल तर जेमतेम निम्मं. पाण्यावरून जाताना किनारा या अंतरात हवाच, पवनेच्या जलाशयावरसुद्धा. पाठीवर २५-३० किलोचं मशीन बांधलेला माणूस पाण्यात पडला तर पट्टे सोडायला त्याला काही सेकंदच मिळतात.

आज संध्याकाळी टाकीतला पाइप बाहेर काढा आणि वाकवून बघा. चीर कुठे सापडली, की नाहीच सापडली, ते इथे लिहा. नाही सापडली तर कार्ब्युरेटरच्या डायफ्रामबद्दल बोलू.