रिमोट नोकरी शोधतोयस? आधी जाहिरात खालपर्यंत वाच

अरे, ‘रिमोट’ दिसलं की लगेच अर्ज ठोकू नकोस. बऱ्याचदा अगदी खाली ‘फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं असतं. मग इंदूरच्या पोराचा अर्ज कोण उघडणार?

घड्याळाचाही हिशोब कर. बर्लिनची सकाळी १० ची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी दीडला, हिवाळ्यात अडीचला. न्यूयॉर्कची तीच मीटिंग संध्याकाळी साडेसात किंवा साडेआठला, म्हणजे ऐन सराफ्यात, आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जायच्या वेळी! चालणार असेल तरच त्या वाटेला जा.

गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, अर्धवट प्रोजेक्टांचा ढीग नको. एकच ठेव, पण चालणारं. रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल, मन लावून लिही: काय करतं, कसं चालवायचं, कुठे अडतं. रिमोट टीमचा बराचसा कारभार लेखीच चालतो, तेव्हा ती फाइल म्हणजे तुझी पहिली मुलाखत समज.

ओळखीतल्यांना मेसेज करायला लाजू नकोस. फक्त ‘दादा, काही असेल तर बघा’ असलं मोघम नको. नेमकी जागा, तिची लिंक आणि स्वतःबद्दल दोन ओळी.

लॅपटॉपसाठी आधी डिपॉझिट मागणारी कंपनी? सरळ ब्लॉक. आणि तोवर इंदूरच्याच सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या आयटी ऑफिसातून बोलावणं आलं तर नाक मुरडू नकोस, अनुभवाची पाटी कोरी असताना रिमोट मिळणं सध्या अवघडच आहे.