पाइनच्या फळीवरचे निळे डाग

प्रश्न : वखारीतून आणलेल्या न्यूझीलंडच्या रेडिएटा पाइनच्या काही फळ्यांवर निळसर-करडे पट्टे आहेत. ही कोणती बुरशी? माल परत करावा का?

उत्तर : आधी डागावर रंधा मारून एक-दोन मिलिमीटर लाकूड काढा. डाग गेला तर ती वरवरची बुरशी : हिरवट असेल तर बहुधा ट्रायकोडर्मा किंवा पेनिसिलियम. खालीही रंग तसाच असेल तर फळीचं टोक ताजं कापून आडवा छेद बघा. निळा रंग पाचरीसारखा आत निमुळता होत जाऊन गाभ्याच्या लाकडापाशी थांबला असेल, तर तो ‘ब्लू स्टेन’, म्हणजे निळा डाग पाडणाऱ्या बुरशीचा. ही बुरशी सालीलगतच्या फिकट लाकडातल्या किरणपेशींमध्ये (सालीकडून गाभ्याकडे जाणाऱ्या पेशींच्या रांगांमध्ये) साठलेल्या अन्नावर जगते, म्हणून पाचर. तिचे तंतू खरं तर तपकिरी असतात. लाकडातून ते निळे भासतात.

प्रजाती नुसत्या रंगावरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दहापट भिंगाखाली काळा गोल बुडखा, त्यावर लांब मान आणि टोकाला चिकट थेंब दिसला, तर ऑफिओस्टोमा किंवा सेरॅटोसिस्टिस, या निळा डाग पाडणाऱ्या बुरश्या. मान नसलेले, लाकडात रुतलेले काळे ठिपके असतील तर डिप्लोडियाचा संशय घ्यावा. रेडिएटावर तीही नेहमीची. पहिल्या दोघांतला फरक प्रयोगशाळेत कळतो : आतली ढलपी २ टक्के माल्ट अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर), २५ अंशांना ठेवतात. सायक्लोहेक्झिमाइड हे बुरशीनाशक घातलेल्या अगारवर ऑफिओस्टोमा वाढतो, सेरॅटोसिस्टिस नाही. पक्क्या नावासाठी डीएनए तपासणी. कपाट करणाऱ्याला एवढ्या खोलात जायची गरज नाही.

खिळ्याभोवतीचा काळा डाग लोखंडाचाही असतो. ५ टक्के ऑक्झॅलिक आम्लाने तो फिका पडतो, बुरशीचा पडत नाही. मात्र त्याच जागी ब्लीच वापरू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

परत करण्याआधी दाभणाने ढलपी उचकटा. लांब, तंतुमय निघाली तर लाकूड शाबूत. तुकडा पडला तर कुज सुरू झाली आहे, तो माल नकोच. निव्वळ निळ्या फळीची ताकद फारशी कमी होत नाही, पण आघात सोसण्याची क्षमता घटते. शिडीला, हत्यारांच्या दांड्यांना ती वापरू नये. पॉलिशही ती जास्त आणि असमान पिते, आधी सीलर मारा.

प्रश्न : पॅलेटवर (मालाखालच्या लाकडी बैठकीवर) ‘एचटी’ शिक्का आहे, तरी बुरशी कशी?

उत्तर : तो शिक्का म्हणजे ‘हीट ट्रीटमेंट’ : लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं. त्यात कीड मरते, पण लाकूड वाळेलच असं नाही. ओलावा २० टक्क्यांपेक्षा जास्त राहिला की कंटेनरमध्ये नवी बुरशी धरते. घेताना मॉइश्चर मीटर लावा.