टॅन्जंट एकच, मग अर्थ दोन कसे?

प्रश्न असाय की भूमितीत टॅन्जंट म्हणजे वर्तुळाला टेकणारी स्पर्शिका आणि त्रिकोणमितीत टॅन म्हणजे संमुख बाजू भागिले लगतची बाजू, मग नाव एकच का, दोघांचं काही नातं आहे का?

आहे की, चांगलं सख्खं नातं आहे. कागदावर 1 त्रिज्येचं वर्तुळ काढा, केंद्रापासून उजवीकडे आडवी त्रिज्या आणि तिच्या टोकाला उभी स्पर्शिका. आता केंद्रातून 45 अंशात तिरकी रेघ मारा, ती वर्तुळ कापून बाहेर पडते आणि स्पर्शिकेला जाऊन भिडते. त्रिज्येच्या टोकापासून तिथपर्यंत स्पर्शिकेचा जो तुकडा मिळाला (इथे बरोब्बर 1) तो टॅन, आणि ती कापत गेलेली रेघ, केंद्रापासून तिथपर्यंत साधारण 1.414, ती सेक, म्हणजे सिकंट. म्हणजे सुरुवातीला टॅन हा भागाकार नव्हताच, पट्टीने मोजावी अशी लांबी होती; लगतची बाजू म्हणजे त्रिज्या 1 असल्यामुळे भागाकारही तेवढाच येतो.

ही बारशी केली थॉमस फिंकेने. जन्म 1561, फ्लेन्सबर्गचा, गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होतं, आज जर्मनीत आहे. 1583 मध्ये बाझेलला त्याचं वर्तुळाच्या भूमितीवरचं लॅटिन पुस्तक छापलं गेलं त्यात हे दोन्ही शब्द आले (टान्गेरे म्हणजे स्पर्श करणं, सेकारे म्हणजे कापणं), आणि लेखकाचं वय फक्त 22! पुढे कुंडल्यांवरही पुस्तक लिहिलं, 1591 पासून कोपनहेगनला आधी गणिताचा, मग वक्तृत्वाचा आणि शेवटी वैद्यकाचा प्राध्यापक, आणि जगला 95 वर्षं.

टॅन्जंट हे नाव फ्रान्सचा गणिती व्हिएत याला मात्र पटलं नव्हतं, कारण स्पर्शिकेशी गोंधळ होईल म्हणे. म्हणजे तुमची तक्रार चारशे वर्षं जुनी आहे :)

टॅनसाठी आपल्याकडचा स्पर्शज्या हा शब्द मला जरा विचित्रच वाटतो. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, ती वर्तुळाच्या आत ताणलेली, आणि स्पर्शिका तर बाहेरून टेकणारी, तिला कुठली आलीय दोरी? पण ज्या, म्हणजेच जीवा, हे आपल्याकडचं साइनचं नाव, ते स्वतः लांब फिरून आलंय. संस्कृत जीवा अरबीत जीबा झाली, स्वर न लिहिल्यामुळे पुढे कुणीतरी ती जैब अशी वाचली, जैब म्हणजे कपड्याची छातीजवळची घडी, म्हणून लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा सिनुस आणि त्याचा आपला साइन. हिंदीतला खिशाला म्हणतात तो जेब, तोही ह्याच जैबचा.